क्लच गेला, की क्लचचा मास्टर सिलिंडर?

व्यापारी घरातील मोटार फार काळ शोभेची वस्तू राहत नाही. सकाळी ती मुलांना शाळेत पोहोचवते, दुपारी मागची आसने दुमडून मालाची खोकी वाहते, संध्याकाळी बाजारपेठेच्या फेरीला जाते आणि वर्षातून एक-दोनदा आजी-आजोबांसह सर्व कुटुंबाला घेऊन कुंथलगिरी, मांगीतुंगी किंवा थेट श्रवणबेळगोळाच्या वाटेला लागते. अशी गाडी दहा-पंधरा वर्षे एकाच दारात उभी असते. तिचे इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात ते लहान, तुलनेने स्वस्त आणि नजरेआड बसलेले भाग. आणि तेही बहुधा घाटात किंवा गावातल्या गर्दीत, कारण क्लचवर पाय सर्वांत अधिक तेथेच पडतो.

क्लचचा मास्टर सिलिंडर हा असाच एक भाग. एखाद्या सकाळी पॅडल नेहमीपेक्षा मऊ लागते. रिव्हर्स टाकताना करकर आवाज होतो. दोन-तीन वेळा भराभर पॅडल मारले की गिअर पडतो, म्हणून आणखी चार दिवस तसेच निभावले जाते. मग एक दिवस पॅडल खाली जाते ते तेथेच राहते, आणि पायाच्या बोटांनी वर उचलावे लागते. घरात वार्ता पसरते, ‘क्लच गेला’. सारा घोटाळा या दोन शब्दांत आहे. ‘क्लच गेला’ याचा रूढ अर्थ क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलणे, म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणे, किमान एक दिवसाची मजुरी आणि हजारोंचा माल. प्रत्यक्षात पुष्कळदा झिजलेली असते ती एक रबरी वाटी.

म्हणून दुरुस्ती घरी करायची की गॅरेजमध्ये, हा प्रश्न नंतरचा. आधी गाडीच्या मालकाला दोन तक्रारींमधील भेद सांगता आला पाहिजे. पहिली तक्रार घसरण्याची. गाडी चढावर असते, इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो. पॅडल मात्र नेहमीसारखेच घट्ट असते. येथे क्लच पकड घेत नाही आणि दोष बहुधा प्लेटमध्येच असतो. दुसरी तक्रार न सुटण्याची. गाडी पळते उत्तम, परंतु पॅडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही किंवा घासून पडतो. येथे क्लच सुटत नाही, आणि अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी पॅडलपासून गिअरबॉक्सपर्यंतची द्रवाची वाट तपासणे हेच शहाणपणाचे. कारागिराला ‘क्लच गेला’ असे न सांगता ‘क्लच घसरतो’ किंवा ‘क्लच सुटत नाही’ असे सांगितले, तरी निम्मे निदान घरातच झालेले असते.

चमचाभर द्रवाचा हिशेब

जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत क्लचला पोलादी तारेची केबल असे. तिला हे प्रकरण लागू नाही. क्वालिस, इनोव्हा, सुमो यांसारख्या गाड्यांमध्ये तारेऐवजी द्रव असतो. पॅडलला जोडलेली एक दांडी पत्र्याच्या भिंतीतून इंजिनाच्या बाजूला जाते आणि मास्टर सिलिंडरमधील दट्ट्याला ढकलते. दट्ट्यापुढचा द्रव पाइपातून गिअरबॉक्सवरील दुसऱ्या सिलिंडरकडे, म्हणजे स्लेव्हकडे जातो. स्लेव्हची दांडी फोर्कला, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला दाबते. तेव्हा कोठे प्लेट मोकळी होते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने मांडले. त्याविषयीचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या तत्त्वाचा या ठिकाणचा व्यवहार किती काटेकोर आहे, हे आकड्यांवरून कळते. मास्टरचा व्यास ५/८ इंच, म्हणजे सुमारे १५.९ मिलिमीटर, आणि स्लेव्हचा ३/४ इंच, म्हणजे १९ मिलिमीटर, असे उदाहरण घेऊ. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला तर तो सुमारे ५ मिलिलिटर द्रव पुढे ढकलतो. चहाच्या एका चमच्याएवढा. त्या चमचाभर द्रवाने स्लेव्हची दांडी सुमारे १७ मिलिमीटर सरकते आणि तेवढ्यावर दीड-दोन टनांच्या गाडीचा क्लच सुटतो.

आता यातला अर्धा मिलिलिटर वाटीच्या कडेने मागे निसटला, तर दहावा हिस्सा गेला. स्लेव्ह जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर कमी सरकणार. क्लच सुटण्याची सीमा तशी निसरडीच असते. एवढ्या तुटीने रिव्हर्स कुरकुरू लागतो. गल्ल्यातून रोज एक रुपया गेला तर महिनाअखेरीस कळेल, येथे ती तूट त्याच क्षणी हाताला जाणवते. दोन-तीनदा भराभर पॅडल मारल्यावर गिअर पडतो तोही यामुळेच: निसटलेल्या द्रवाची जागा टाकीतून आलेला नवा द्रव तात्पुरती भरून काढतो.

या यंत्रातील खरा कस नेहमीच त्या वाटीचा राहिला आहे. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले, पण दट्ट्याच्या कडेने पाणी गळू नये कसे, हा प्रश्न त्याला छळत होता. तो सोडवण्याचे श्रेय त्याच्याच कारखान्यातील हेन्री मॉड्सली या कारागिराला दिले जाते. त्याने चामड्याची अशी खोलगट कडी बसवली, की आतला दाब जितका वाढेल तितकी तिची कड भिंतीला अधिक घट्ट चिकटावी. दाबच दाबाला अडवतो, अशी ही योजना. पुढे माल्कम लॉकहीडने मोटारींसाठी द्रवाचे ब्रेक तयार केले आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांना आले. त्यांतील वाट्याही कच्च्या चामड्याच्या होत्या आणि गळत असत. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीसाठी त्या जागी रबर आले. चामड्याची वस्तू टाळणाऱ्या घरांना हे ठाऊक असायला हरकत नाही की, आजच्या मास्टर सिलिंडरमधील वाटी कृत्रिम रबराची, बहुधा ईपीडीएम या प्रकारच्या रबराची असते. तिचा आकार मात्र मॉड्सलीच्या कडीच्याच कुळातला.

हे रबर फार सोशिक असले तरी त्याला एक गोष्ट मुळीच सोसत नाही, ती म्हणजे खनिज तेल. इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेलचा स्पर्श झाला तरी ते फुगते आणि मऊ पडते. गॅरेजच्या भाषेत ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात तो द्रव मुळात तेलच नाही. तो ग्लायकॉल-ईथर वर्गातील असतो. नावाच्या या घोळापायी टाकीत दुसरेच तेल ओतले गेले, तर क्लच आणि ब्रेक दोन्हीकडची सगळी रबरे बदलण्याची वेळ येते.

निदान

बॉनेट उघडून प्रथम टाकीतील पातळी पाहावी. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते. क्लचची नळी तिच्या अंगाला जरा वर जोडलेली असते, म्हणजे क्लचकडे गळती झाली तरी ब्रेकचा द्रव संपत नाही. ही योजना उत्तम आहे, तरीही सामाईक टाकीतील पातळी उतरली असेल तर ब्रेकची चारही चाके तपासल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढू नये. क्लचसाठी महिनाभर थांबता येईल, ब्रेकसाठी नाही.

द्रव कमी होत असेल तर तो कोठेतरी दिसतोच. चालकाच्या पायापाशी, पॅडलच्या वर जिथे दांडी भिंतीत शिरते तेथे बोट फिरवून पाहावे. ओल लागली, किंवा खालचा गालिचा चिकट झाला असेल, तर मास्टरची मागची वाटी गेली. गिअरबॉक्सजवळ स्लेव्हच्या रबरी टोपीखाली ओल असेल तर दोष स्लेव्हचा. सर्वांत फसवा प्रकार तिसरा: पातळी उतरत नाही, थेंबही बाहेर पडत नाही, तरीही क्लच सुटत नाही. मास्टरच्या आतल्या आत, दट्ट्याच्या पुढून मागे द्रव निसटत असतो. याची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून, उजवा पाय ब्रेकवर घट्ट ठेवावा आणि डाव्या पायाने क्लच पूर्ण दाबून अर्धा मिनिट तसाच धरावा. मग रिव्हर्स टाकून पाहावा. दाबल्याबरोबर रिव्हर्स नीट पडतो आणि अर्ध्या मिनिटानंतर घासतो, असे झाले तर दाब टिकत नाही आणि संशय मास्टरवर पक्का होतो. याच वेळी दुसऱ्या माणसाने स्लेव्हकडे जाणाऱ्या रबरी होजवर नजर ठेवावी. जुना होज पॅडल दाबताच फुगताना दिसतो. तसे असेल तर मास्टर बदलून काहीच साधणार नाही.

कधी कधी मास्टरही धड, स्लेव्हही धड, होजही धड आणि तरी क्लच सुटत नाही. मग फोर्क वाकलेला किंवा प्लेट पिळवटलेली असू शकते. तेथे गिअरबॉक्स उतरवणे खरोखरच अपरिहार्य आहे आणि कारागिराचे म्हणणे मान्य करावे.

निदान झाल्यावर प्रश्न येतो तो किट की संपूर्ण सिलिंडर. जुन्या पिढीतील कारागीर नुसती रबरे बदलत, त्याला ‘किट टाकणे’ म्हणतात. सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत असेल तर ते योग्यच आहे. परंतु ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या द्रवातील पाणी ती भिंत खात जाते. बारीक खड्डे पडलेल्या भिंतीवर नवी वाटी दोन-तीन महिन्यांत पुन्हा कापली जाते. भिंत हाताला किंचितही खरखरीत लागली, तर किटचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. पूर्ण सिलिंडर घ्यावा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या गावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो मिळतो. या मालात नकली फार येते. तेव्हा जुना सिलिंडर किंवा त्यावरचा क्रमांक सोबत न्यावा, व्यास ताडून पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. ज्या घराने आयुष्यभर बिलाचा व्यवहार केला त्याला हे वेगळे सांगायला नको, पण स्वतःच्या गाडीसाठी खरेदी करताना दुकानदारसुद्धा ही शिस्त विसरतो.

प्रत्यक्ष काम

हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि त्यातला मोठा भाग अवघडलेल्या अंगाचा आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांखाली ठोकळे लावावेत, बॅटरीची ऋण बाजू सोडावी. पंखावर आणि बॉनेटच्या कडेला जुनी ओली चादर पसरावी. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग उचलून काढतो. पडलाच तर पुसत न बसता लगेच भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेत. सिरिंजने टाकीतील द्रव काढून घ्यावा, आणि ती सिरिंज पुन्हा घरातल्या औषधाच्या कपाटात जाता कामा नये.

मग चालकाच्या जागी पाठीवर पडून, डोके पॅडलखाली घालून, पॅडल आणि दांडी यांना जोडणारी पिन काढावी लागते. तिची क्लिप हटकून उडून जाते, म्हणून खाली पांढरे कापड अंथरलेले बरे. पॅडलच्या स्प्रिंगची दिशा आणि क्लिपची बाजू मोबाइलवर टिपून ठेवावी. दोन तासांनी आठवण दगा देते.

इंजिनाच्या बाजूला खरा कस लागतो तो पाइपाच्या नटाशी. हा नट मऊ असतो, वर्षानुवर्षे गंजलेला असतो आणि साध्या दुतोंडी पान्याने त्याचे कोपरे हमखास गोल होतात. त्यासाठी नटाला जवळजवळ चोहोबाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना मिळतो. जपानी धाटणीच्या गाड्यांत तो बहुधा १० मिलिमीटरचा लागतो. संपूर्ण कामात एखादे हत्यार नवीन विकत घ्यायचेच असेल तर ते हे. आदल्या रात्री नटाच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, मात्र नट सोडण्यापूर्वी ते स्वच्छ पुसून काढावे. नटासोबत पाइपही फिरू लागला तर तेथेच थांबावे. पिळलेला पाइप तुटतो, आणि मग नवा पाइप वाकवून घेण्यासाठी गॅरेज गाठावेच लागते. पाइप सुटल्यावर सिलिंडर धरून ठेवणारे दोन नट सोडले की तो बाहेर येतो. हे दोन नट काही गाड्यांत आतून असतात. तेथे लांब सॉकेट नसेल तर बोटांची कसोटी लागते.

नवा सिलिंडर तसाच बसवू नये. तो पकडीत हलकेच धरावा, त्यात नवीन द्रव भरावा आणि एखाद्या बोथट दांडीने दट्ट्या सावकाश आत-बाहेर करावा. परतताना तोंडावर बोट धरावे. बुडबुडे येणे थांबले की सिलिंडर भरला. टेबलावरची ही दहा मिनिटे पुढचा तास वाचवतात. बसवताना पाइपाचा नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवून घ्यावा आणि मगच सिलिंडरचे दोन नट आवळावेत. सिलिंडर जरा सैल असेल तेव्हाच पाइप सरळ लागतो. उलट क्रमाने केले तर आटे तिरके चढतात आणि नव्या सिलिंडरचे तोंड पहिल्याच दिवशी खराब होते.

पुस्तकांत दोन ओळींत आटोपलेली, पण या दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट यानंतर येते. पॅडल पूर्ण वर असताना दांडी आणि दट्ट्या यांत अगदी थोडी मोकळीक हवी. दट्ट्या पूर्ण मागे आला तरच टाकीकडचे बारीक छिद्र उघडते आणि आतला द्रव टाकीशी जोडला जातो. दांडी लांब राहून दट्ट्या किंचितही दाबलेला राहिला, तर छिद्र बंद राहते. इंजिनाच्या उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, त्याला परतायला वाट नसते आणि तोच द्रव क्लच अर्धवट दाबून धरतो. म्हणजे न सुटणाऱ्या क्लचसाठी मास्टर बदलला आणि क्लच घसरू लागला. अशा रीतीने धडधाकट प्लेटही थोड्याच दिवसांत जळून जाते आणि दोष नव्या सिलिंडरवर येतो. म्हणून दांडीवरचा लॉकनट सैल करून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे मोकळीक ठेवावी आणि लॉकनट पुन्हा आवळावा. ती नीट आहे की नाही हे हातानेच कळते: पॅडल बोटाने दाबले असता पहिले काही मिलिमीटर ते विरोधाविना हलले पाहिजे.

हवा काढणे

आता उरते हवा काढणे, आणि येथे दोन माणसे लागतात. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात अर्धा मिलिलिटर हवा राहिली तर क्लचच्या दाबाखाली ती चिरडून नाहीशी झाल्यासारखी होते आणि आधी पाहिलेली दहाव्या हिश्शाची तूट पुन्हा उभी राहते. वाटी नवी असूनही.

स्लेव्हच्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोडा द्रव भरलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने आत बसावे, दुसऱ्याने निपलपाशी. बहुतेक घरांत वडील आसनावर आणि मुलगा खाली, अशी वाटणी होते, कारण खाली शिरणे तरुण पाठीलाच जमते. मग घरातला नेहमीचा क्रम उलटतो. मुलगा म्हणतो, ‘अण्णा, दाबा.’ वडील म्हणतात, ‘दाबलं.’ मुलगा निपल अर्धा फेरा उघडतो, नळीतून बुडबुडे जातात, पॅडल खाली बसते. निपल बंद झाल्यावरच तो म्हणतो, ‘आता सोडा.’ निपल उघडे असताना पॅडल सुटले तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेले सगळे वाया जाते. त्यामुळे वडिलांना मुलाच्या शब्दाखेरीज पाय हलवता येत नाही. कित्येक घरांत हा अर्धा तास बाकीच्या दुरुस्तीपेक्षा अधिक लक्षात राहतो.

या काळात टाकीवर तिसऱ्या कोणाची तरी नजर असलेली चांगली. टाकी एकदा रिकामी झाली की हवा वरून शिरते आणि पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. आरंभी पॅडल आपोआप वर येत नाही; हाताने उचलावे. पंधरा-वीस वेळा करूनही पॅडल मऊच राहिले तर पाइपाच्या एखाद्या उंच वळणात बुडबुडा अडकलेला असतो. बाहेर बसवलेल्या स्लेव्हची दांडी हाताने सावकाश मागे ढकलली की द्रव उलटा टाकीकडे जातो आणि तो बुडबुडा सोबत घेऊन जातो. टाकी उतू जाणार नाही एवढे पाहावे. पुष्कळदा गाडी रात्रभर तशीच ठेवली की सकाळी राहिलेली हवा आपोआप वर आलेली आढळते.

स्लेव्हपाशी जाण्यासाठी गाडी उचलावी लागली तर मजबूत स्टँड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये; या एका नियमाला अपवाद नाही.

बाटलीत जमलेला जुना द्रव हा शेवटचा प्रश्न. तो गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतण्याची रीत सर्रास आढळते. हा द्रव पोटात गेल्यास विषारी आहे, आणि अंगणात उघडी राहिलेली वाटी कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागायला वेळ लागत नाही. ज्या घरात पाणी गाळून पिण्याची चाल आहे त्या घराला एवढा विवेक कठीण नसावा. बाटली घट्ट बंद करून, तिच्यावर नाव लिहून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे ती द्यावी.

करावे की करू नये

सगळ्यांनी हे घरी करावे असे नाही. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर मुळीच हात लावू नये. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगशी एकत्र बसवलेला असतो. तेथे गळती स्लेव्हची निघाली तर गिअरबॉक्स उतरवणे आले, आणि ते अंगणातले काम नव्हे.

पैशाचा हिशेबही सरळ मांडावा. सिलिंडर आणि द्रव यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच. वाचते ती मजुरी. पहिल्या वेळी पाना, स्टँड, नळी यांची किंमत धरली तर हातात फारसे काही उरत नाही. दुसऱ्या गाडीला, किंवा त्याच गाडीच्या स्लेव्हला, ती हत्यारे फुकट पडतात. मजुरी वाचवण्यासाठीच करायचे असेल तर कारागिराला त्याचे दाम देणे अधिक बरे. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या वस्तीत हे काम वर्षानुवर्षे करणारा हात तासाभरात जे उरकतो त्याला अंगणात दुपार जाते. लाभ दुसरीकडे आहे. ज्याने हा सिलिंडर एकदा स्वतः बदलला, त्याला पुढच्या वेळी गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारता येतात. आणि प्रामाणिक कारागिराला असा गिऱ्हाईक आवडतो, असाच पुष्कळांचा अनुभव आहे.

वाटेतच पॅडल बसले तर काय करावे, हेही जाणून असावे. घाटात असताना चढ-उतार रेटण्याचा हट्ट करू नये. गाडी कडेला घेऊन, दिवे लावून, आधी माणसांना सुरक्षित उभे करावे. टाकी उतरलेली असेल तर झाकणावर लिहिलेल्या प्रकारचाच द्रव भरावा. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतो. डॉट ५ मात्र सिलिकोनचा असतो, तो यांच्यात मिसळू नये. भरल्यावर पॅडल दहा-वीस वेळा मारले की पुष्कळदा जवळच्या गावापर्यंत जाण्याइतका दाब मिळतो. त्यासाठी द्रवाची एक सीलबंद लहान बाटली गाडीत ठेवावी. सीलबंदच, कारण एकदा उघडलेली बाटली कपाटात बसल्या बसल्या ओलावा पीत राहते. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा १५५ अंशांपर्यंत खाली चालतो. आणि सामाईक टाकीत हाच द्रव उतारावरच्या तापलेल्या ब्रेकलाही पुरवला जातो.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी गावातल्या गावातच फिरावे. दुसऱ्या सकाळी पॅडलच्या वरच्या बाजूस आणि पाइपाच्या नटाशी पुन्हा बोट फिरवून ओल आहे का ते पाहावे, आठवड्याने टाकीची पातळी पाहावी. बॉनेटच्या आतल्या बाजूस कागदाचा एक तुकडा चिकटवून त्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि द्रवाचा प्रकार लिहून ठेवावा. हा द्रव दर दोन वर्षांनी बदलायचा असतो, आणि दुकानाच्या वहीत ती तारीख सहसा कोणी टिपत नाही.